नवोदितांचा भाव: अमेरिकी फुटबॉल, त्याचे चाहते आणि खेळाडूचा पहिला करार

अमेरिकेत ‘फुटबॉल’ या नावाने ओळखला जाणारा खेळ उर्वरित जगाच्या फुटबॉलपेक्षा सर्वस्वी निराळा असून, लांबट चेंडू हातात धरून पळत नेणे किंवा सहकाऱ्याकडे फेकणे आणि अशा रीतीने तो प्रतिस्पर्ध्यांच्या हद्दीत पोचवणे हे त्याचे मूळ सूत्र आहे. या खेळाची सर्वोच्च व्यावसायिक संघटना म्हणजे १९२० मध्ये स्थापन झालेली ‘नॅशनल फुटबॉल लीग’, अर्थात एनएफएल. तिच्यात आज ३२ संघ आहेत. सप्टेंबर ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांपर्यंत प्रत्येक संघ १७ सामने खेळतो आणि फेब्रुवारीत ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्याने हंगाम संपतो. परंतु हंगाम संपला म्हणून चाहत्याचे वर्ष संपत नाही. एप्रिलच्या अखेरीस महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची संघांमध्ये वाटणी होते. ‘ड्राफ्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तीन दिवसांच्या सोहळ्यात एकही चेंडू फेकला जात नसताना २०२४ मध्ये डेट्रॉइट शहरात सात लाखांहून अधिक लोकांनी हजेरी लावली, आणि पुढच्या वर्षी जेमतेम एक लाख वस्तीच्या ग्रीन बे या गावी हाच सोहळा झाला तेव्हाही तीन दिवसांत तिथे लाखोंची रीघ लागली.

ग्रीन बेचे उदाहरण या खेळावरील निष्ठेचे स्वरूप समजून घेण्यासाठी विशेष महत्त्वाचे आहे. विस्कॉन्सिन राज्यातील या गावाचा ‘पॅकर्स’ हा संघ १९२३ पासून कोणा एका धनाढ्य मालकाच्या नव्हे, तर सर्वसामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे. आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक असून त्यांना लाभांश मिळत नाही, आणि शेअर विकून नफाही कमावता येत नाही. भिंतीवर लावण्याजोगे एक प्रमाणपत्र आणि वार्षिक सभेत मतदानाचा अधिकार एवढ्यासाठी लोक पैसे मोजतात. संपूर्ण हंगामाची तिकिटे हवी असणाऱ्यांची प्रतीक्षायादी लाखाच्या पलीकडे गेली असल्याने जन्मलेल्या बाळाचे नाव त्या यादीत घालणारी कुटुंबे तिथे आहेत. पिट्सबर्गमध्ये १९७५ पासून चाहते पिवळे टॉवेल गरगरा फिरवून आपल्या संघाला पाठिंबा देतात. क्लीव्हलँडचा संघ मालकाने १९९५ च्या हंगामानंतर बाल्टिमोरला हलवला, तेव्हा त्या शहराने इतका निकराचा लढा दिला की ‘ब्राउन्स’ हे नाव, संघाचे रंग आणि त्याचा इतिहास शहराकडेच राहिला व १९९९ मध्ये त्याच नावाचा नवा संघ उभा करावा लागला. ही निष्ठा वडिलांकडून मुलाकडे येते, पराभवांच्या लांबलचक मालिकेतही टिकते, आणि म्हणूनच दरवर्षी येणाऱ्या नव्या खेळाडूंकडे ती फार मोठ्या आशेने पाहते.

ड्राफ्टचे तत्त्व भारतीय वाचकाला परिचित असलेल्या आयपीएलच्या लिलावाच्या अगदी उलट आहे. लिलावात खेळाडूवर बोली लागते आणि त्याचा भाव चढत जातो. ड्राफ्टमध्ये मात्र बोली नाहीच. मागच्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी केलेल्या संघाला सर्वप्रथम निवड करण्याचा हक्क मिळतो, विजेत्या संघाची पाळी शेवटी येते, आणि अशा सात फेऱ्यांमध्ये अडीचशेहून अधिक खेळाडू निवडले जातात. ज्या संघाने नाव पुकारले त्याच्याशीच खेळाडूला करार करता येतो. आपण कुठे राहावे, कोणाच्या हाताखाली खेळावे, कोणत्या भागात घर करावे, यांपैकी कशावरही त्याचे मत विचारले जात नाही. जॉन एल्वे याने १९८३ मध्ये आणि ईलाय मॅनिंग याने २००४ मध्ये आपल्याला निवडणाऱ्या संघाकडून खेळण्यास नकार देऊन दुसऱ्या संघात जागा मिळवली खरी. परंतु असा हट्ट निभावून नेण्याएवढी पत शेकड्यातल्या एखाद्याचीच असते.

या पद्धतीची कल्पना फिलाडेल्फियाच्या ‘ईगल्स’ संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये मांडली. त्यांचा संघ तळाशी होता, चांगले खेळाडू श्रीमंत संघांकडे जात होते आणि दुबळे संघ अधिकाधिक दुबळे होत होते. १९३६ च्या फेब्रुवारीत पहिला ड्राफ्ट झाला आणि शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर हा पहिला निवडलेला खेळाडू ठरला. पण व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्या काळी मिळणारा पैसा इतका तुटपुंजा होता की त्याने एकही सामना न खेळता नोकरी पत्करली. स्पर्धेत समतोल राखणे हा बेल यांचा हेतू प्रामाणिक होता यात शंका नाही. तथापि एका खेळाडूसाठी एकाच संघाने बोलायचे असे ठरले की त्याचा भाव आपोआप पडतो, हा या व्यवस्थेचा दुसरा परिणामही पहिल्या दिवसापासूनच तिच्यात अंतर्भूत होता.

कायद्याच्या कसोटीवर हे किती काळ टिकावे, हा प्रश्न पुढे न्यायालयात गेला. वॉशिंग्टनच्या संघाने १९६८ मध्ये पहिल्या फेरीत निवडलेला ‘याझू’ स्मिथ हा बचावपटू पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मानेला गंभीर दुखापत होऊन कायमचा खेळाबाहेर गेला. खुल्या बाजारात आपल्याला अधिक चांगला आणि दुखापतीतही संरक्षण देणारा करार मिळाला असता, असा दावा करून त्याने लीगला न्यायालयात खेचले. १९७६ मध्ये आणि पुन्हा अपिलात १९७८ मध्ये त्या काळचा ड्राफ्ट हा स्पर्धेवर गैरवाजवी निर्बंध घालणारा असल्याचे न्यायालयाने मान्य केले. मात्र तोवर मालक आणि खेळाडू संघटना यांच्यात १९७७ चा सामूहिक करार होऊन ड्राफ्टला त्यात स्थान मिळाले होते, आणि अमेरिकी कायद्यानुसार कामगार संघटनेने वाटाघाटींतून स्वीकारलेल्या अटींना मक्तेदारीविरोधी कायदा सहसा लागू होत नाही. याच आधारावर, शाळा सोडल्यानंतर तीन वर्षे झाल्याखेरीज ड्राफ्टमध्ये येता येणार नाही या अटीला आव्हान देणारा ओहायो स्टेट विद्यापीठाचा मॉरिस क्लॅरेट २००४ मध्ये अपिलात हरला. त्या निकालपत्राच्या लेखिका सोनिया सोटोमायोर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या. या निकालांमागचे तर्कशास्त्र कायद्याच्या दृष्टीने सुसंगत असले तरी त्यात एक ठळक उणीव राहते, ती अशी की संघटनेचे सभासद असतात ते आजचे व्यावसायिक खेळाडू, आणि ज्यांच्या पहिल्या चार वर्षांचा सौदा ते करतात ती मुले अजून महाविद्यालयात किंवा शाळेत असतात.

२०११ मध्ये या उणिवेचा परिणाम स्पष्टपणे दिसला. त्याआधी करारांच्या रकमा वाटाघाटींनी ठरत आणि पहिल्या काही क्रमांकांच्या खेळाडूंचे आकडे वर्षागणिक फुगत चालले होते. २००७ मध्ये ओकलंडने पहिल्या क्रमांकावर निवडलेला क्वार्टरबॅक जमार्कस रसेल सप्टेंबरपर्यंत करारासाठी अडून बसला, त्याला तीन कोटी डॉलरहून अधिक रकमेची हमी मिळाली आणि तीन निराशाजनक हंगामांनंतर संघाने त्याला मोकळे केले. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीची सूत्रे हाती असणारा, चेंडू फेकणारा खेळाडू. संघाचे नशीब बहुतांशी त्याच्यावर अवलंबून असल्याने त्याचा भावही सर्वांत चढा. २०१० मध्ये सेंट लुइसच्या ‘रॅम्स’ने सॅम ब्रॅडफर्ड याला एकही व्यावसायिक सामना खेळण्यापूर्वी सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार दिला, ज्यातील ५ कोटींची हमी होती. मालकांना हे नको होते हे उघडच आहे. पण दहा-दहा वर्षे खेळलेल्या ज्येष्ठ खेळाडूंनाही आपल्याहून अधिक कमावणारी कोरी पोरे खुपत होती. त्यामुळे २०११ मध्ये मालकांनी काही महिने टाळेबंदी केल्यानंतर जो नवा सामूहिक करार झाला, त्यात नवोदितांच्या वेतनाला कडक चौकट घालण्यावर दोन्ही बाजूंचे सहज एकमत झाले. त्या वर्षीचा पहिला खेळाडू कॅम न्यूटन याला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख डॉलर मिळाले. एका वर्षाच्या अंतराने त्याच जागेची किंमत एक तृतीयांशाहूनही खाली आली होती.

आजची व्यवस्था या चौकटीवरच उभी आहे. निवड झालेल्या प्रत्येक खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, आणि त्याची रक्कम जवळजवळ पूर्णपणे तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावरून ठरते. २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या कॅम वॉर्डला टेनेसीकडून सुमारे ४ कोटी ८८ लाख डॉलर मिळाले, तर शेवटच्या फेरीतल्यांना किमान वेतनाच्या जवळपास समाधान मानावे लागले, आणि ते किमान वेतन त्या वर्षी नवोदितासाठी ८ लाख ४० हजार डॉलर होते. मोबदल्याचे मुख्य भाग दोन. एक साइनिंग बोनस, म्हणजे सही करताना मिळणारी ठोक रक्कम, आणि दुसरे दरवर्षीचे मूळ वेतन. हा फरक वरवर पाहता हिशेबनिसाचा वाटला तरी खेळाडूच्या दृष्टीने तो सर्वस्वाचा आहे, कारण या खेळात करारावर लिहिलेली रक्कम आणि हाती पडणारी रक्कम यांत मोठी तफावत असू शकते. ज्या वेतनाची हमी दिलेली नाही ते संघाने खेळाडूला कमी करताच संपुष्टात येते. बोनस मात्र सहसा त्याचाच राहतो. त्यामुळे पाचव्या-सहाव्या फेरीतील मुलाचा ‘चार वर्षांचा करार’ हे प्रत्यक्षात संघावरचे चार वर्षांचे बंधन नसून खेळाडूवरचे असते.

वाटाघाटींना जागा उरते ती तपशिलांपुरती: बोनस कोणत्या तारखांना द्यायचा, किती वेतनाला हमी असावी, आणि हमीच्या काळात खेळाडूला सोडल्यास दुसऱ्या संघाने दिलेले पैसे पहिल्या संघाच्या देण्यातून वजा व्हावेत की नाही. पहिल्या फेरीतील खेळाडूच्या बाबतीत संघाला पाचव्या वर्षाचा हक्कही राखून ठेवता येतो. तो वापरायचा की नाही हे तिसऱ्या हंगामानंतर मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत कळवावे लागते आणि २०२० च्या सामूहिक करारापासून हा हक्क वापरताच त्या वर्षाच्या वेतनाला पूर्ण हमी मिळते. याउलट निवड झालेल्या खेळाडूने कितीही पराक्रम गाजवला तरी तिसरा हंगाम पूर्ण होईपर्यंत त्याच्या कराराला हात लावण्याची संघालाही मुभा नाही. दुसऱ्या ते सातव्या फेरीतील खेळाडूंचे चौथ्या वर्षाचे वेतन कामगिरीनुसार वाढण्याची तरतूद आहे, पण ती तेवढीच.

या सर्व आकड्यांना वजन येते ते ‘सॅलरी कॅप’मुळे. एका संघाने एका वर्षात खेळाडूंवर किती खर्च करावा याची ही कमाल मर्यादा १९९४ मध्ये ३ कोटी ४६ लाख डॉलर होती आणि २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाखांवर गेली. मर्यादा सर्वांना सारखी असल्याने जो संघ एका जागी वाचवेल तोच दुसऱ्या जागी उधळू शकतो, आणि वाचवण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे पहिल्या करारावर खेळणारा उत्तम क्वार्टरबॅक. सिअ‍ॅटलने २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडलेला रसेल विल्सन चार वर्षांच्या सुमारे ३० लाख डॉलरच्या करारावर खेळत असताना वाचलेल्या पैशांत संघाने बळकट फळी उभी केली आणि २०१४ च्या फेब्रुवारीत डेन्व्हरचा ४३-८ असा धुव्वा उडवून सुपर बोल जिंकला.

सॅन फ्रान्सिस्को ‘फोर्टी-नायनर्स’चा ब्रॉक पर्डी हे या गणिताचे सर्वांत टोकाचे उदाहरण. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये तो २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा खेळाडू होता. या शेवटच्या खेळाडूला ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ म्हणजे ‘कोणाच्या खिजगणतीत नसलेला’ म्हणून गौरवण्याची प्रथा १९७६ पासून चालत आली आहे. त्याचा बोनस होता ७७ हजार ८ डॉलर. वेतनमर्यादेच्या हिशेबात बोनस कराराच्या वर्षांत समान वाटला जातो, म्हणून दरवर्षी १९ हजार २५२ डॉलर. २०२३ चे मूळ वेतन ८ लाख ७० हजार धरता त्या वर्षी त्याचा संघावरील भार ८ लाख ८९ हजार २५२ डॉलर झाला. त्या वर्षीची मर्यादा २२ कोटी ४८ लाख होती, म्हणजेच संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन जाणाऱ्या क्वार्टरबॅकवर त्याच्या अर्धा टक्कादेखील खर्च पडला नव्हता. तो सामना जादा वेळेत कॅन्सस सिटीने २५-२२ असा जिंकला. विजेत्या संघाचा पॅट्रिक माहोम्स हाही एकेकाळी असाच स्वस्त नवोदित होता, आणि तिसरा हंगाम संपवून संघाला विजेतेपद मिळवून दिल्यावर, २०२० मध्ये, त्याने दहा वर्षांसाठी ४५ कोटी डॉलरच्या वाढीव करारावर सही केली होती.

चाहत्यांच्या वृत्तीत गेल्या दीड दशकात जो बदल झाला आहे त्याचे मूळ इथे आहे. पूर्वी चाहता खेळाडूचे कौतुक त्याच्या पळण्यावरून आणि फेकीवरून करी. आज सामान्य प्रेक्षकालाही कोणाच्या कराराचे कितवे वर्ष चालू आहे, त्याचा मर्यादेवरील भार किती आणि त्याला सोडल्यास किती रक्कम हिशेबात अडकून राहील हे तोंडपाठ असते. ड्राफ्टपूर्वी कोणता संघ कोणाला निवडेल याचे अंदाज महिनोन्महिने मांडले जातात, आणि मनाविरुद्ध निवड झाली तर भर सोहळ्यात हुर्यो उडते. १९९९ मध्ये फिलाडेल्फियाच्या चाहत्यांनी डॉनोव्हन मॅकनॅबची अशीच संभावना केली होती, जो पुढे त्यांच्याच संघाचा दशकभराचा आधार ठरला. खेळाची इतकी बारीक जाण असणे ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु या जाणकारीत चाहता नकळत मालकाच्या खुर्चीत बसतो आणि खेळाडूला मिळणारा कमी पैसा ही त्याला आपल्या संघाची मिळकत वाटू लागते. बहुतेक चाहते स्वतः पगारदार किंवा कष्टकरी माणसे आहेत, आणि आपल्या नोकरीत जी वागणूक ते अन्याय म्हणून ओळखतील तीच मैदानावरील तरुणाच्या बाबतीत त्यांना हुशारीचा व्यवहार वाटते, ही या निष्ठेची खेदजनक बाजू आहे.

या बाजूची सर्वाधिक झळ ‘रनिंग बॅक’ना लागते. चेंडू घेऊन थेट प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीत घुसणे हे त्यांचे काम असल्याने प्रत्येक सामन्यात त्यांना वीस-पंचवीस वेळा धडक सोसावी लागते आणि विशी सरता सरता शरीर उतरणीला लागते. बाविसाव्या वर्षी आलेला असा खेळाडू आपली सर्वोत्तम वर्षे पहिल्या करारातच खर्ची घालतो, आणि चौथ्या हंगामानंतर जेव्हा त्याला खुल्या बाजारात उभे राहता येते, तेव्हा ‘याची जागा नवा मुलगा निम्म्याहून कमी पैशांत घेईल’ हे गणित सर्वच संघांनी मांडलेले असते. शिवाय संघाकडे ‘फ्रँचायझी टॅग’ नावाचे आणखी एक हत्यार असते, ज्यामुळे करार संपलेल्या खेळाडूला ठरावीक सूत्रानुसार मोठे पण केवळ एका वर्षाचे वेतन देऊन अडकवून ठेवता येते. पिट्सबर्गचा ले’व्हिऑन बेल याच्यावर हा टॅग सलग दुसऱ्यांदा लावला गेला, तेव्हा दीर्घ मुदतीची हमी हवी म्हणून त्याने सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलरवर पाणी सोडले आणि २०१८ चा संपूर्ण हंगाम तो खेळला नाही. त्या शहरातील अनेकांनी त्याला लोभी ठरवले. पण पुढील दुखापतीची किंमत आपल्याला एकट्याला मोजावी लागणार हे जाणणाऱ्या माणसाचा तो निर्णय होता, आणि त्याला लोभ म्हणणे रास्त नाही.

ज्यांची निवडच होत नाही त्यांची स्थिती आणखी नाजूक. सात फेऱ्या संपल्यावर उरलेल्या मुलांपैकी काहींना तीन वर्षांचे करार मिळतात, उन्हाळी शिबिरात प्रत्येक संघाकडे ९० जण असतात आणि ऑगस्टच्या शेवटी त्यातले ५३ च ठेवायचे असतात. कर्ट वॉर्नर १९९४ मध्ये असाच न निवडलेला खेळाडू होता, त्याने काही काळ आयोवातल्या एका सुपरमार्केटमध्ये रात्री फळ्यांवर माल लावला आणि २००० च्या जानेवारीत त्याच हातांनी ‘रॅम्स’ला सुपर बोल जिंकून दिला. अशा कथा खऱ्या आहेत, पण त्या सांगताना शिबिरातून घरी पाठवलेल्या शेकडो मुलांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

चौकट कडक असली तरी ती हलतच नाही असे नव्हे. पहिल्या फेरीत पूर्ण हमीचे करार वर्षागणिक खालच्या क्रमांकांपर्यंत झिरपत गेले, आणि २०२५ मध्ये ह्यूस्टनने दुसऱ्या फेरीतील जेडन हिगिन्सच्या करारालाही पूर्ण हमी दिली. क्लीव्हलँडने कार्सन श्वेसिंगरच्या बाबतीत तेच केले. परिणामी त्या फेरीतील उरलेल्या तीसही खेळाडूंनी सह्या थांबवल्या आणि शिबिरे तोंडावर येईपर्यंत त्यांचा तिढा कायम राहिला. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनी दाखवलेली ही एकजूट अलीकडच्या काळातील या क्षेत्रातली सर्वांत उत्साहवर्धक घटना म्हटली पाहिजे. त्याच वर्षी मे महिन्यात पर्डीने पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाख डॉलरच्या करारावर सही केली. तो महागणार हे आधीच दिसत असल्याने संघाने वसंतात डीबो सॅम्युएलसारखे नावाजलेले खेळाडू सोडून दिले होते आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये अकरा नवोदित निवडून मोकळ्या जागा भरल्या होत्या.

सध्याचा सामूहिक करार खेळाडूंनी २०२० मध्ये १,०१९ विरुद्ध ९५९ अशा निसटत्या मतांनी स्वीकारला असून तो २०३० च्या हंगामापर्यंत लागू आहे. त्यानंतर नवोदितांच्या वेतनाची चौकट पुन्हा वाटाघाटींच्या टेबलावर येईल, आणि तिच्यात ज्यांची पहिली चार वर्षे बांधली जातील त्यांतले बहुतेक जण आज शाळेच्या संघातून खेळत आहेत.